समानधर्म्यांचा बाजार : स्वयंप्रकाशित चित्रकथांचे मेळावे आणि मूल्यनिर्णयाचा प्रश्न

साहित्यव्यवहाराचा विचार करताना लेखक, संहिता, वाचक आणि प्रकाशनसंस्था हे घटक गृहीत धरले जातात. हे घटक जिथे प्रत्यक्ष एकत्र येतात त्या ठिकाणाचा विचार मात्र समाजशास्त्राकडे सोपवून समीक्षा मोकळी होते. मेळावा, प्रदर्शन, संमेलन हे साहित्याचे बाह्य उपचार असून संहितेच्या घडणीशी त्यांचा संबंध पोचत नाही, असा समज या वृत्तीमागे असतो. छापील कादंबरीपुरता हा समज काही प्रमाणात चालून जातो. स्वयंप्रकाशित चित्रकथेच्या बाबतीत तो टिकत नाही. तिथे मेळाव्याची तारीख हीच पुस्तकाची मुदत असते, मेळाव्यातले मेज हेच त्याचे दुकान असते आणि मेजापलीकडून हात पुढे करणारा माणूस हाच बहुधा त्याचा पहिला वाचक असतो. मेळावा वगळला तर संहितेच्या लांबीचा, आकाराचा आणि स्वराचाही उलगडा नीट होत नाही. जपानमधील ‘कॉमिक मार्केट’ (रूढ संक्षेप ‘कॉमिकेट’) आणि त्यानंतर सुरू झालेला ‘कोमितिया’ या दोन मेळाव्यांच्या आधारे हा संबंध तपासता येतो. तो तपासताना एक अडचणीचा प्रश्न अटळपणे समोर येतो: ज्या मेळाव्याने निवड करण्याचे नाकारले, तिथे मूल्यनिर्णयाचे काय होते?

या मेळाव्यांत विकल्या जाणाऱ्या पुस्तकांना ‘दोजिन्शी’ म्हणतात. ‘दोजिन’ म्हणजे समान आवडीची, समान ध्यास असलेली माणसे. ‘शी’ म्हणजे नियतकालिक. भवभूतीने ज्या ‘समानधर्मा’ची वाट निरवधी काळाच्या आणि विपुल पृथ्वीच्या भरवशावर पाहिली, त्यालाच नियतकालिकाच्या सभासदांत शोधण्याची ही कल्पना आहे. तिचे मूळ चित्रकथेत नसून साहित्यात आहे. ओझाकी कोयो आणि त्याच्या मित्रांनी १८८५ मध्ये काढलेले ‘गाराकुता बुन्को’ सुरुवातीला हस्तलिखित स्वरूपात सभासदांमध्ये फिरत असे. १९१० मध्ये निघालेले ‘शिराकाबा’ हेही अशाच एका लेखकगटाचे नियतकालिक होते. चित्रकारांनी हा मार्ग पुढे अनुसरला. इशिनोमोरी शोतारो याने शाळकरी वयात, १९५३ मध्ये, मित्रांसह ‘बोकुजू इत्तेकी’ हे हस्तलिखित सुरू केले. मूळ चित्रांची एकच प्रत बांधून ती टपालाने एकाकडून दुसऱ्याकडे पाठवायची, अशी त्याची रीत होती. इथे वाचक आणि निर्माता यांच्यात भेद नव्हता. परंतु वर्तुळाबाहेरच्या माणसाला आत येण्याची वाटही नव्हती.

ती वाट काही काळ एका व्यावसायिक मासिकाने उघडली. तेझुका ओसामू याच्या संस्थेने १९६७ मध्ये सुरू केलेल्या ‘कॉम’ या मासिकात नवोदितांची चित्रे तपासणारे आणि देशभरातील हौशी मंडळांना परस्परांशी जोडणारे सदर चालत असे. ‘कॉम’ बंद पडल्यावर हे जाळे निराधार झाले. मंडळे होती, हस्तलिखिते होती, छपाई स्वस्त होत होती. मात्र ही सर्व मंडळी परस्परांना दिसतील अशी जागा उरली नव्हती. १९७५ चा मेळावा या पोकळीत जन्माला आला.

हा मेळावा भरवणारी मंडळी विक्रेते नव्हती आणि मुख्यतः चित्रकारही नव्हती. ती समीक्षक होती. योनेझावा योशिहिरो, हारादा तेरुओ आणि आनिवा जुन यांच्या ‘मेइक्यू’ (अर्थ: चक्रव्यूह) या गटाने त्याच वर्षी मांगाच्या नव्या समीक्षेला वाहिलेले नियतकालिक काढले होते. तत्कालीन प्रस्थापित मांगा संमेलनाने, संमेलनावर टीका करणाऱ्या एका व्यक्तीला प्रवेश नाकारला. त्याचा निषेध करताना या गटाने पर्यायी सभेची कल्पना मांडली, आणि २१ डिसेंबर १९७५ रोजी तोक्योतील तोरानोमोन भागात एका सभागृहात ३२ मंडळे व सुमारे ७०० माणसे जमली. आलेल्यांत बहुसंख्या होती ती मुलींसाठीच्या मांगाच्या शाळकरी वाचकांची. म्हणजेच, टीका केल्याबद्दल नाकारलेल्या प्रवेशातून आणि ज्यांना समीक्षेने फारसे गंभीरपणे घेतले नव्हते अशा मुलींच्या उपस्थितीत ही संस्था आकाराला आली. तिच्या पुढील सर्व नियमांवर या उगमाची खूण आहे.

पहिला नियम असा की, मेळाव्यात ‘ग्राहक’ नाहीत. मंडळ म्हणून मेज घेणारे, स्वयंसेवक म्हणून राबणारे आणि पुस्तके पाहायला येणारे, या तिघांनाही ‘सहभागी’ हीच संज्ञा आहे. दुसरा नियम असा की, अर्ज जागेपेक्षा अधिक आल्यास गुणवत्तेवर निवड न करता सोडत काढली जाते. तिसरा नियम मापाचा आहे: एका मंडळाला लांब मेजाचा अर्धा भाग, म्हणजे सुमारे ९० सेंटिमीटर रुंदीची जागा मिळते. सूचिग्रंथातही प्रत्येक मंडळाला स्वतः रेखाटलेल्या चित्रासाठी सारख्याच आकाराचा चौकोन असतो. पहिलेच पुस्तक काढणारी मुलगी आणि शेकडो प्रती विकणारा सराईत चित्रकार त्या पानावर सारखेच दिसतात.

या नियमांचा अन्वयार्थ लावताना संमेलनाच्या दुसऱ्या प्रकाराशी त्यांची तुलना उपयुक्त ठरते. मराठी वाचकाला हा प्रकार परिचित आहे: व्यासपीठ, अध्यक्ष, निमंत्रित, आणि समोर श्रोते. न्यायमूर्ती रानडे यांच्याकडून आलेले ग्रंथकार सभेचे निमंत्रण जोतीराव फुले यांनी १८८५ मध्ये नाकारले, तेव्हापासून व्यासपीठावर कोण बसतो आणि कोणाच्या वतीने बोलतो हा प्रश्न मराठीत धगधगत राहिला आहे. चित्रकथेच्या क्षेत्रात या प्रकाराचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे फ्रान्समधील अँगुलेम येथे १९७४ पासून भरत आलेला महोत्सव. तिथल्या सर्वोच्च सन्मानासाठी २०१६ मध्ये ३० नावांची यादी जाहीर झाली आणि तीत एकही स्त्री नव्हती. स्त्री-चित्रकारांनी बहिष्काराची हाक दिली, यादीतील अनेकांनी आपली नावे मागे घेतली. ही घटना आयोजकांच्या अनवधानापुरती मर्यादित नाही. सन्मान हा भूतकाळातील प्रतिष्ठेचा बेरीजवजाबाकीने काढलेला निष्कर्ष असतो. ज्यांना त्या प्रतिष्ठेत पूर्वी वाटा मिळाला नाही, त्यांना तो निष्कर्ष पुन्हा वगळतो. सोडतीला भूतकाळ नसतो. मेजांच्या मेळाव्यात मुली पहिल्या दिवसापासून बहुसंख्येने होत्या; व्यासपीठाच्या महोत्सवात बेचाळीस वर्षांनंतरही त्यांना यादीत जागा सापडत नव्हती.

मेजाचा परिणाम संहितेवरही होतो. पुस्तक मेळाव्याच्या तारखेपर्यंत छापून यायला हवे, म्हणून ते आटोपशीर असते. अनेक पुस्तकांच्या अखेरीस निर्माता वाचकाशी थेट बोलतो: आजारपण, परीक्षा, लांबलेली पाने, पुढच्या वेळचे बेत. मुख्य कथेला जोडलेले हे शेपूट ठिगळासारखे भासते. परंतु वाचक समोर उभा राहून पान उलटणार आहे आणि पुढच्या मेळाव्यात कदाचित पुन्हा येणार आहे, या जाणिवेतून ते लिहिलेले असते. रोलाँ बार्थ याने १९६७ मध्ये लेखकाच्या मृत्यूची घोषणा केली, ती लेखकाच्या हेतूला अर्थाचा अंतिम आधार मानणाऱ्या समीक्षेविरुद्ध होती. मेळाव्यातला लेखक देहाने हजर असतो, पण अर्थाचा मालक म्हणून नव्हे. वाचक उभ्याने पाने चाळतो, पुस्तक खाली ठेवतो, पुढच्या मेजाकडे वळतो. निर्मात्याने हे मुकाट्याने पाहायचे असते. तिथे त्याची उपस्थिती त्याला अधिकार देण्याऐवजी उघडे पाडते. वाचकप्रतिसादाची सैद्धांतिक चर्चा ज्या वाचकाची कल्पना करते, तो इथे नाव, चेहरा आणि मर्यादित पैसे घेऊन येतो.

तथापि, समतेचे हे चित्र एवढ्यावर थांबवणे भाबडेपणाचे ठरेल. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ‘कॅप्टन त्सुबासा’सारख्या लोकप्रिय मालिकांतील पात्रे घेऊन रचलेल्या विडंबनकथांची लाट आली आणि स्वतंत्र निर्मिती गर्दीत दिसेनाशी होऊ लागली. निवड न करण्याच्या धोरणाचा लाभ ज्याला आधीच बाजारात मागणी आहे त्याला अधिक होतो, हे त्या लाटेने दाखवून दिले. दुसरा अंतर्विरोध सभागृहाच्या रचनेतच आहे. ज्या मंडळांपुढे लांब रांगा लागतात त्यांना गर्दीच्या सोयीसाठी भिंतीलगतची मेजे द्यावी लागतात. ‘भिंतीवरचे मंडळ’ ही संज्ञा त्यामुळे प्रतिष्ठेची निदर्शक झाली. गुणवत्तेची जी उतरंड नियमांनी दारातून बाहेर काढली, ती रांगेच्या रूपाने भिंतीकडून आत आली. तिसरा अंतर्विरोध कायद्याचा. १९९१ मध्ये अश्लीलतेच्या आरोपावरून अशी पुस्तके विकणाऱ्या दुकानांशी संबंधित माणसांना अटक झाली, आणि माकुहारी येथील सभागृह नाकारले गेल्याने त्या वर्षीचा उन्हाळी मेळावा तोक्योतील हारुमी येथे हलवावा लागला. त्यानंतर आयोजकांना नमुना-प्रती अधिक काटेकोरपणे तपासाव्या लागल्या. निवड न करणाऱ्या संस्थेलाही काहीतरी वगळण्याचे काम करावे लागते, आणि ते ती वाङ्मयीन कारणांनी करत नाही.

यावर एक गंभीर आक्षेप संभवतो. समीक्षकांनी स्थापन केलेल्या संस्थेने मूल्यनिर्णय सोडून दिला असेल, तर तिने समीक्षेचेच विसर्जन केले, असे म्हणता येईल. सारेच स्वीकारायचे तर चांगले-वाईट ठरवायचे कोणी, आणि रांगेची लांबी हाच निकष उरणार नाही काय? या आक्षेपाचे उत्तर कॉमिकेटच्या प्रचंड आकारात शोधून सापडत नाही. २०१९ च्या हिवाळ्यात चार दिवसांत साडेसात लाख उपस्थिती आणि सुमारे ३२ हजार मंडळे अशी ज्याची व्याप्ती होती, तिथे कोणताही वाचक समग्राचा वाचक असू शकत नाही. ते उत्तर सापडते लहान मेळाव्यात.

१९८४ मध्ये तोक्योत सुरू झालेल्या कोमितियाने एकच मर्यादा घातली: केवळ स्वतंत्र निर्मिती. या मर्यादेने आकार लहान ठेवला, आणि लहान आकारामुळे समीक्षेला पुन्हा शिरकाव करता आला. मेळाव्यात जमा झालेल्या नमुना-प्रती नंतर वाचनासाठी मांडल्या जातात. वाचक आपल्याला भावलेल्या पुस्तकांविषयी लिहून पाठवतात. आणि पुढच्या मेळाव्याच्या सूचिपुस्तकात, ‘टिआज मॅगझिन’मध्ये, त्यांपैकी निवडक अभिप्राय छापले जातात. ही समीक्षा प्रवेशद्वारावर उभी नाही. ती मेळावा संपल्यानंतर, पुस्तक वाचून झाल्यावर सुरू होते. प्रवेशासाठी घेतलेला निर्णय आणि वाचनातून झालेला निर्णय यांतला हा भेद मूलभूत आहे. पहिला निर्णय कोणती संहिता अस्तित्वात यावी हे ठरवतो. दुसरा निर्णय अस्तित्वात आलेल्या संहितेशी बोलतो. मेइक्यूच्या समीक्षकांनी पहिला सोडला, कारण त्याचा गैरवापर त्यांनी पाहिला होता. दुसरा त्यांनी सोडला नाही: योनेझावा पुढे मुलींच्या मांगाचा इतिहासकार झाला, हा योगायोग मानता येत नाही. अर्थात कोमितियातही व्यावसायिक मासिकांचे संपादक मेज मांडून नवोदितांचे काम तपासू लागले आहेत, आणि प्रवेशाचा निर्णय त्या वाटेने परत येण्याची शक्यता नाकारता येत नाही.

हे मेळावे वितरणाची केवळ एक सोय असते, तर २०२० च्या साथीत त्यांची गरज संपायला हवी होती. पुस्तके टपालाने आणि संगणकावरून विकता येत होती. त्या वर्षी मे महिन्यातील कॉमिकेट रद्द झाले, कोमितियाचे अस्तित्वच धोक्यात आले. आणि ज्यांना पुस्तके घरबसल्या मिळू शकत होती, त्याच लोकांनी वर्गणी काढून कोमितिया तगवला. ज्याचा मोबदला वस्तूच्या रूपाने मिळणार नाही अशा गोष्टीला पैसे देताना त्यांनी सभागृहाचे मोल नेमके ओळखले होते.

भारतात चित्रकथाकार आणि चित्रपट-दिग्दर्शक भारत मूर्ती यांनी जपानमधील या पुस्तकांचा अभ्यास करून ‘इंडी कॉमिक्स फेस्ट’ हे मेजांचे मेळावे मुंबईसह काही शहरांत भरवले. मराठीत या प्रयत्नाचे मोल अनियतकालिकांच्या अनुभवावरून जोखता येते. साठच्या दशकातील अनियतकालिके सायक्लोस्टाइल होऊन हातोहात फिरली. त्यांना समानधर्मे मिळाले, समीक्षाही मिळाली. कमी पडले ते नियमित भरणारे ठिकाण आणि प्रत्येक अंकाची प्रत जपणारी व्यवस्था. त्यामुळे आजच्या संशोधकाला ती अनेकदा आठवणींतून आणि खाजगी संग्रहांतून शोधावी लागतात. कॉमिकेटने नमुना-प्रत मागितली ती नियंत्रणासाठी, पण तिचा संग्रह झाला. योनेझावाच्या २००६ मधील मृत्यूनंतर, २००९ मध्ये, मेइजी विद्यापीठात त्याच्या नावाचे ग्रंथालय उघडले. ज्या पुस्तकांना कोणत्याही प्रकाशकाने निवडले नव्हते, ती आता अभ्यासकाच्या मेजावर येऊ शकतात. भवभूतीचा समानधर्मा काळाच्या ओघात कधीतरी जन्मणार होता; त्याच्यासाठी पुस्तक शिल्लक ठेवण्याची जबाबदारी कोणाची, हे भवभूतीने सांगितले नाही. ती निर्णयाआधी जागा देणाऱ्याची आणि निर्णयानंतरही प्रत जपणाऱ्याची आहे. समीक्षेने आपले काम या दोहोंच्या मध्ये मानले, तर तिला दारावर पहारा देण्याची आवश्यकता उरत नाही.