‘मुस्लिम मराठी’ : हे विशेषण कोणी लावायचे?

१९९० साली पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण. त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. पठाण सर अध्यक्ष झालेले असताना ही वेगळी चूल कशाला, असे तेव्हा विचारले गेले, आजही विचारतात. एकाला पाटावर बसवले म्हणजे साऱ्या पंगतीला वाढले असे होत नाही. आणि नावे तर आम्हाला आधीही होती. ती दुसऱ्यांनी ठेवलेली होती. ‘मुस्लिम मराठी’ हे नाव फकरुद्दीन बेन्नूर यांच्यासारख्या मंडळींनी आपण होऊन घेतले, हा फरक लहान नाही.

हमीद दलवाईंची ‘इंधन’ (१९६५) घ्या. बऱ्याच वर्षांनी कोकणातल्या आपल्या गावी परतलेला निवेदक गाव पेटताना पाहतो. तिची ओळख करून देताना ‘मुस्लिम समाजाचे दर्शन’ हे शब्द हटकून येतात. श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्यांत मात्र कोणी हिंदू समाजाचे दर्शन शोधत नाही; तिथे कोकण असते, माणसे असतात. दलवाईही चिपळूणजवळच्या मिरजोळीचे, पण त्यांना कोकण मिळाले नाही. आमच्याकडे तर याहून वाईट. १९६६ चा सात स्त्रियांचा मोर्चा, १९७० चे मुस्लिम सत्यशोधक मंडळ, एवढ्यावर निकाल लावून आम्ही कादंबरी उघडलीच नाही. मंडळाशी मतभेद ठेवूनही ‘इंधन’ वाचता येते. मी ती बी.एड. झाल्यावर वाचली, उशीरच झाला.

आता आपल्याच कथा पाहू. संपादकाला हवे म्हणून बुरखा, तलाक, शीरखुर्मा. आणि पात्रे बोलतात सिनेमातले उर्दू. ‘तशरीफ रखिए’ म्हणणारा शेतमजूर मी अजून आमच्या देऊळघाटात पाहिलेला नाही. इथे बाई पोराला ‘नक्को रे’ म्हणते, म्हातारा ‘हौ’ म्हणतो. हा ‘नक्को’ मराठीतून आला, दखनीत मुरला. बाजारात आम्ही वऱ्हाडी बोलतो, जनगणनेत मातृभाषा उर्दू लिहितो. यात खोटे काहीच नाही. पण कथेत यातले एकच उरते, ही लेखकाची कसूर आहे. मागणी दुसऱ्याची असेल, कलम तर आपले आहे.

हे लिहिताना माझा हात थोडा अडखळतो. मी उर्दू शाळेत शिकवतो. मागे एका मुलाने निबंधात आईचे बोलणे जसेच्या तसे लिहिले होते : ‘मेरेकू नक्को.’ मी लाल शाईने खोडून वर ‘मुझे नहीं चाहिए’ लिहिले. पोरगा वही पाहून म्हणाला, “सर, अम्मी ऐसा नहीं बोलती.” परीक्षेत गुण जातील म्हणून मी खोडले होते, आणि ते कारण खरेही होते. पुढच्या निबंधात त्याची आई काहीच बोलली नाही.