दंतकथेंतील भोज आणि ताम्रपटांतील भोज

भोजराजाच्या गोष्टी ज्यांनीं ऐकल्या नाहींत असे वाचक आम्हांस क्वचितच भेटतील. एकेका अक्षरास लक्ष नाणीं देणारा हा राजा ज्या ग्रंथामुळें विशेष लोकप्रिय झाला, तो बल्लाळकृत 'भोजप्रबंध' इतिहास म्हणून कितपत विश्वसनीय आहे, हें येथें पाहावयाचें आहे.

बल्लाळानें कालिदास, भवभूति, माघ, दंडी या सर्वांस भोजाच्या सभेंत एकत्र बसविलें आहे. परंतु ऐहोळच्या इ. स. 634 च्या शिलालेखांत रविकीर्ति आपली कीर्ति कालिदास-भारवींच्या तोडीची म्हणून मिरवितो, आणि भोज तर अकराव्या शतकाच्या पूर्वार्धांतला! चारशें वर्षांपूर्वींच कीर्तिशेष झालेल्या कवीस दरबारीं हजर करणें बल्लाळासच साधलें.

मुंजाची कथा याहून गंभीर आहे, कारण तींत एका राजावर बालहत्येच्या कारस्थानाचा आरोप आहे. सिंधुल मरतांना अल्पवयी भोजास भावाच्या स्वाधीन करतो. मुंज त्याला ठार मारण्याची आज्ञा देतो. मुलगा वडाच्या पानावर स्वतःच्या रक्तानें श्लोक लिहून पाठवितो आणि काका पस्तावतो. कथा हृदयद्रावक खरी. पण भोजाच्या स्वतःच्या ताम्रपटांतील राजक्रम सीयक, वाक्पतिराज म्हणजेच मुंज, त्यानंतर सिंधुराज आणि मग भोज, असा आहे. मुंजाच्या मागून राज्य करणारा बाप आधीं मारल्याशिवाय दुष्ट काका उभाच राहत नाहीं! इकडे मुंजाचा खरा अंत झाला तो चालुक्य तैलपाच्या हातून.

बांसवाडा व बेटमा येथें सांपडलेले हे ताम्रपट इ. स. 1020 चे असून ते कोंकणविजयाच्या निमित्तानें दिलेल्या दानाचे आहेत. ज्याच्या सैन्यानें कोंकण गांठलें, त्या राजाच्या नांवावर 'शृंगारप्रकाश', 'समरांगणसूत्रधार', योगसूत्रांवरील 'राजमार्तंड' असे ग्रंथ आहेत. हें सारें एकट्याचें कीं पदरच्या पंडितांचाहि त्यांत हात होता, यावर वाद घालतां येईल. मात्र आमची मुख्य तक्रार हीच, कीं काव्याचें शास्त्र मांडणाऱ्या पुरुषास दंतकथेनें नुसता मोकळ्या थैलीचा श्रोता करून सोडलें. प्रबंध टाकून द्यावा असें आम्ही म्हणत नाहीं. आश्रयदात्याविषयींची कविजनांची आस त्यांत स्वच्छ दिसते. पण ज्याला भोजच पाहावयाचा असेल, त्यानें भोपाळजवळील भोजपूरास जावें. परंपरेनें त्याचें मानलेलें शिवालय तेथें अपुरेंच उभें आहे. भोंवतालच्या खडकांवर बांधकामाचे आराखडे कोरलेले आहेत, आणि मोठमोठे दगड वर चढविण्यासाठीं घातलेला मातीचा उतार अजून मंदिराच्या पाठीशीं तसाच आहे.