दर्या आणि दऱ्या : जुन्या फाँटांतील मराठीची पाठचिकित्सा

पाठचिकित्सा म्हटली की आपल्यापुढे पोथ्या येतात. प्रती जमवायच्या, पाठभेद नोंदवायचे, लेखनिकाचा प्रमाद कोणता आणि ग्रंथकाराचा शब्द कोणता हे ठरवायचे. संगणकावर जुळवल्या गेलेल्या मराठीलाही हीच चिकित्सा हवी आहे, हे मात्र आपल्या समीक्षेने अद्याप मनावर घेतलेले नाही.

1991 साली भारतीय लिप्यांसाठी इस्की हे राष्ट्रीय मानक ठरले आणि त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली. दोहोंत देवनागरी होती. तरी आपल्या छपाईच्या धंद्यात पुढे बरीच वर्षे वेगवेगळ्या कंपन्यांचे फाँटच चालले. त्यांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : अर्धा वर्ण, काना, वेलांटी, रफार. कोणता तुकडा कुठे, हे ज्याचे त्याने ठरवलेले. फाँट गेला की फायलीत उरते ती रोमन चिन्हांची खिचडी. महानुभावांच्या सकळ लिपीतही एका अक्षराच्या जागी दुसरेच चिन्ह येई. ती उलगडणारे इतिहासाचार्य राजवाडे जन्माने आमच्याच जिल्ह्यातल्या वरसईचे. नव्या सकळ लिप्या तर डझनांनी आहेत, आणि त्या कुणी गुप्ततेसाठी केलेल्या नाहीत.

त्यांच्या किल्ल्या आज तयार करतात ते बहुधा हौशी स्वयंसेवक. त्यांचे परिवर्तक ओपन सोर्स असतात, म्हणजे आतली कोष्टके कुणालाही तपासता येतात. मीही लोधिवलीत बसून अशी कोष्टके जमेल तशी तपासतो. प्रोग्रॅमिंग मी शिकलो ते गरजेपुरते. इथे खरी कसोटी लागते ती मराठीची. ‘कार्तिकी’ हा शब्द घ्या. जुन्या फाँटात तो दिसतो त्या क्रमाने साठवलेला असतो : ‘का’, मग ऱ्हस्व वेलांटी, मग ‘त’, मग रफार, मग ‘की’. युनिकोडमध्ये उच्चाराचा क्रम, म्हणजे ‘र’ आधी आणि वेलांटी ‘त’नंतर. तेवढी उलटापालट यंत्र निमूट करते. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’? पहिला समुद्र, दुसऱ्या काय असतात हे खंडाळ्याच्या घाटाखाली राहणाऱ्याला विचारावे लागत नाही. हिंदीत असा आडवा रकार नाही. हिंदीवर बेतलेले कोष्टक दोन्ही रकार एकच मानते, आणि सगळ्या दऱ्यांत समुद्र शिरतो. ‘आचाऱ्यास’ बोलावले तर आचार्य येतात!

अशा चुका निदान डोळ्यांना दिसतात. माझा मुख्य आक्षेप न दिसणाऱ्या दुरुस्तीला आहे. मजकूर पालटतानाच शुद्धलेखनही तपासून द्यावे, असा मोह अनेकांना होतो. मग कथेतला ‘व्हता’ गुपचूप ‘होता’ होतो. 1962च्या नियमांपूर्वीचे लेखन जाणीवपूर्वक जसेच्या तसे छापणाऱ्या संपादकाचे अनुस्वार गळून पडतात. बोलीतून लिहिणाऱ्याची भाषा वर्गातल्या फळ्यासारखी पुसली जाते, आणि नवी प्रत इतकी स्वच्छ दिसते की कुणाला शंकाही येत नाही.

याबाबतीत जुन्या संगणकांचे जतन करणारी मंडळी आपल्यापेक्षा शहाणी ठरतात. 1997 साली निकोला साल्मोरिया या इटालियन माणसाने सुरू केलेला ‘मेम’ हा प्रकल्प जुन्या खेळयंत्रांची हुबेहूब नक्कल करतो. तिथले तत्त्व असे, की मूळ यंत्र कसे चालत होते याची नोंद हा खरा हेतू. खेळता येणे हा त्या नोंदीचा पडताळा. मूळ यंत्र अडखळत असेल तर नक्कलही अडखळली पाहिजे. संहितेशी प्रामाणिक राहण्याची ही कसोटी आपल्याकडच्या कितीतरी पुनर्मुद्रणांना झेपणार नाही.

म्हणून प्रकाशक आणि ग्रंथालयांपुढे तीन मागण्या ठेवतो. पालटलेल्या प्रतीसोबत मूळ फाईल आणि तिच्या फाँटाचे नाव जपावे. कोणत्या कोष्टकाने मजकूर पालटला ते नोंदवावे. आणि शुद्धलेखनाची दुरुस्ती वेगळ्या प्रतीत, माणसाने, आपले नाव घालून करावी. यातले काहीही खर्चाचे नाही. पोथीच्या लेखनिकाला आपण शेवटी नाव, गाव, तिथी लिहायला लावत होतो. संगणकाला त्यातून सूट देण्याचे कारण मला दिसत नाही.