‘९९९९९९ इन १’ ही आमची आवृत्ती

जुने व्हिडिओ गेम जपायचे कसे, याचं एक ठरलेलं उत्तर इंटरनेटवर मिळतं : मूळ कन्सोल शोधा, मूळ कॅसेटमधला डेटा फाइलमध्ये उतरवा, इम्युलेटरवर चालवा. इंजिनिअर म्हणून मला हे पटतं. नंदुरबारचा म्हणून अपुरं वाटतं.

कारण आमच्याकडे ‘मूळ’ असं काही आलंच नाही. निन्टेन्डोचा फॅमिकॉम १९८३ साली जपानात निघाला. आमच्या हाती वीसेक वर्षांनी आली ती त्याची स्वस्त नक्कल : हलकं प्लास्टिक, दोन रिमोट, एक बंदूक आणि ‘९९९९९९ इन १’ छापलेली कॅसेट. त्यातले वेगवेगळे गेम मोजकेच. बाकी यादी म्हणजे त्यांचीच नवी बारशी. कुठे मारिओ थेट पुढच्या लेव्हलला सुरू, कुठे ‘काँट्रा’त जादा लाइफ आधीच दिलेल्या.

संग्राहकांच्या जुन्या याद्यांत अशा प्रतींवर ‘पायरेटेड’, ‘हॅक’ असे शिक्के असायचे. मराठी वाचकाला हा प्रश्न ओळखीचा आहे. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, तेव्हाही मुद्दा पाठभेदांचाच होता. पण पाठभेद म्हणजे नुसता कचरा नव्हे. ग्रंथ कुणाच्या हातून कसा गेला, याचा तो पुरावा असतो. लोडशेडिंगमुळे गेम कधीही बंद पडायचा, सेव्हची सोय नव्हती. तिथे मधूनच सुरू होणारा मारिओ ही लबाडी वाटायची नाही. शेवटच्या लेव्हलचं तोंड बघायचा तोच मार्ग होता. जपानी कारखान्यातली शुद्ध प्रत हा अनुभव सांगू शकत नाही.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनच्या २०२३ च्या अभ्यासानुसार, अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात उपलब्ध नाहीत. या हिशेबात आमची कॅसेट मुळात येतच नाही. जी गोष्ट कुणी अधिकृतपणे विकलीच नाही, ती ‘उपलब्ध नाही’ असं तरी कोण म्हणणार?

यंत्राची गत आणखी वाईट. अस्सल फॅमिकॉममध्ये प्रोसेसर आणि चित्राची चिप वेगवेगळ्या असतात. बिघडलेली चिप बदलता येते. स्वस्त नकलेत बहुतेक सगळं एकाच चिपमध्ये, वर काळ्या इपॉक्सीचा थेंब. ती गेली की डबा भंगारात. म्हणून चालू आहे तोवरच जपायला हवं. अॅडॅप्टरचे व्होल्ट आणि प्लस-मायनस तपासा, फुगलेले कपॅसिटर बदलून घ्या, कॅसेटच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फुंकर मारू नका. तोंडातली ओल पट्ट्या खराब करते. आणि ‘डक हंट’ची बंदूक जपायची असेल, तर जुना डबडा टीव्हीही ठेवावा लागेल. पडद्यावर चित्र कोणत्या क्षणी उमटतं यावर ती नेम ओळखते. एलसीडीवर ती आंधळी होते.

काही हौशी मंडळी आता अशा कॅसेटही जशाच्या तशा उतरवून ठेवतात. त्यांना डेटा मिळेल. पण ‘रिमोट’, ‘कॅसेट’ हे आमचे शब्द, खोक्यावरची खोटी चित्रं, मेनूतला फसवा आकडा आणि वीज जायच्या आत गाठायची लेव्हल हे कुठल्याच फाइलमध्ये नाही. ते ज्यांनी खेळलं, त्यांनीच लिहून ठेवायचं आहे. माळ्यावरचा डबा भंगारवाल्याला देण्याआधी निदान आतल्या बोर्डाचा एक फोटो तरी काढा.