शिंक्याची गाठ

दिवाळीला घर सजवायचे म्हटले की आताशा गाठी मारून केलेली दोरीची झालर भिंतीवर येते. मॅक्रमे म्हणतात तिला. दिसते छान, यात वाद नाही. पण मसुऱ्याकडच्या काथ्याच्या शिंक्यात ज्याने कधी हात घातला आहे, त्याला तिच्यापुढे काहीतरी चुकल्यासारखे वाटते. मला तरी वाटते.

शिंक्याचेच पाहा ना. नारळाची सोडणे खाडीच्या मचूळ पाण्यात महिनोन्महिने कुजत घालायची, मग बडवून काथ्या सुटा करायचा, तो तळव्यांत वळून सुंभ काढायचे. तळाशी एक कडे, त्यावरून वर निघालेले पेड, आणि शेजारच्या पेडांना एकत्र धरणाऱ्या निरगाठी. त्या एका पातळीत पडल्या की चौकटींची सुरेख जाळी आपोआप उभी राहते. पण ती शोभेसाठी घातलेली नसते; दह्याचे मडके कलंडू नये म्हणून असते. गाठ अर्धे बोट खालीवर झाली की मडके तिरके बसते. शिंक्याचा टीकाकार म्हणजे ते मडके, आणि मडक्याला कोणाची भीड नसते! खालचा गोंडासुद्धा सुटी टोके उसवू नयेत म्हणूनच.

झालरीत कौशल्य नाही असे मी म्हणणार नाही. उजवी दोरी डावीवरून, मग डावी उजवीवरून असे आलटूनपालटून घेतले की पट्टी सपाट उतरते; एकच बाजू पुन:पुन्हा घेतली की तीच पट्टी मळसूत्रासारखी पीळ धरते. हे फार देखणे काम आहे. माझी तक्रार वेगळी आहे. झालरीतली गाठ चुकली तरी काहीच पडत नाही. म्हणून गाठींवर गाठी चढत जातात आणि कुठे थांबावे हे दोरी सांगत नाही.

क्लिफर्ड अ‍ॅशली या अमेरिकन चित्रकाराने १९४४ साली गाठींचा प्रचंड ग्रंथ काढला. त्यात सुमारे ३,९०० नोंदी आहेत. शोभेच्या गाठींना त्याने सढळ हाताने जागा दिली आहे. पण खलाशांची नक्षी बघा, ती पेटीच्या मुठीवर चढलेली असते. जिथे हाताला पकड हवी, नेमकी तिथे.

परवा एका घरी मॅक्रमेच्याच दोरीत मनीप्लँटची कुंडी टांगलेली पाहिली. नुकतेच पाणी घातलेले, माती जड झालेली. साऱ्या गाठी ताठ ओढल्या गेल्या होत्या आणि कुंडी सरळ होती. ते काम मला मनापासून आवडले.