सोंग कोणी घ्यावे?

'सगळी सोंगे आणता येतात, पण पैशाचे सोंग आणता येत नाही,' अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याने ती केली त्याला नाटकाचे मर्म चांगलेच कळले असावे. रंगभूमीवर भिकारी राजा होतो, तरणा म्हातारा होतो, आणि पुरुष स्त्री होऊन असा वावरतो, की घरंदाज बायकांनी त्याच्याकडून लुगडे नेसण्याची ढब उचलावी. बालगंधर्वांचे नाव घेतले की मराठी घरात हे कोणाला निराळे समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे अमेरिकेतल्या संगीत रंगभूमीवर 'अमुक वंशाच्या माणसाची भूमिका त्याच वंशाच्या नटाला द्या' असा आग्रह धरला जातो हे ऐकले, की आपल्या तोंडून पहिला उद्गार निघतो तो असा : अहो, मग त्याला नाटक तरी कशाला म्हणायचे?

प्रश्न रास्त आहे. पण दिवाळीच्या फराळातल्या चिरोट्यासारखे त्याला पदर फार. नुसत्या तत्त्वचर्चेने ते सुटायचे नाहीत, म्हणून एका नाटकातल्या एका पात्राचे बोट धरून चालावे असे मी ठरवले. नाटक 'शो बोट' आणि पात्र ज्युली.

एडना फर्बर या लेखिकेच्या १९२६ सालच्या कादंबरीवरून हे संगीत नाटक उभे राहिले. संगीत जेरोम कर्न यांचे, संवाद आणि पदे ऑस्कर हॅमरस्टाइन यांची. निर्माता फ्लोरेन्झ झीगफेल्ड याने २७ डिसेंबर १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर त्याचा पहिला प्रयोग केला. आपल्याकडे तमाशाचा फड बैलगाड्यांतून जत्रा-जत्रांना हिंडायचा, तसे मिसिसिपी नदीवर तरंगते नाट्यगृह घेऊन काठाकाठाच्या गावांना खेळ दाखवीत फिरणाऱ्या एका मंडळीची ही कथा आहे. ज्युली ही त्या मंडळीतली मुख्य नटी. रूपवान, गोड गळ्याची, सर्वांची लाडकी. तिचा नवरा स्टीव्ह त्याच बोटीवर नायकाची कामे करतो. पण ज्युलीच्या अंगात थोडे कृष्णवर्णीय रक्त आहे, आणि गोऱ्या-काळ्यांचा विवाह हा त्या राज्यात गुन्हा आहे. कोणीतरी चुगली करतो आणि शेरीफ बोटीवर येतो. तो पोहोचण्यापूर्वी स्टीव्ह चाकूने ज्युलीच्या हाताला छेद देतो आणि तिचे रक्त चोखून घेतो. मग शेरीफसमोर तो छातीठोकपणे सांगतो, की माझ्याही अंगात काळ्या माणसाचे रक्त आहे. एका थेंबाने माणूस काळा ठरवणाऱ्या कायद्याला त्याने त्याच थेंबाने उत्तर दिले! अटक टळते, पण ज्युलीला रंगमंच सोडावा लागतो. काळ्या रक्ताच्या बाईने गोऱ्या प्रेक्षकांपुढे नायिका होऊन उभे राहायचे नाही, हा तिथला दंडक. असले विवाहबंदीचे कायदे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले ते १९६७ साली, म्हणजे नाटक लिहिले गेल्यानंतर चाळीस वर्षांनी. १९२७ साली हा प्रसंग रंगभूमीवर आणायला छातीच हवी होती.

आता जरा रंगपटात डोकावू. पहिल्या प्रयोगात ज्युली झाली होती हेलन मॉर्गन. ती गोरी. बोटीवरचा काळा हमाल ज्यो याच्या भूमिकेत जुल्स ब्लेडसो हा कृष्णवर्णीय गायक होता. पण ज्योची बायको क्वीनी हिचे काम टेस गार्डेला ही गोरी बाई तोंडाला काळे फासून करीत होती. एकाच संसारातला नवरा जन्माचा काळा आणि बायको रंगपटातली! आणि हे सारे अशा नाटकात, ज्याने वर्णद्वेषावर प्रेक्षकांच्या डोळ्यांत पाणी आणले.

हेलन मॉर्गनचे काम उणे होते असे मात्र कोणी म्हणू नये. १९३६ सालच्या चित्रपटातही ज्युली तीच आहे, आणि तो चित्रपट आजही पाहायला मिळतो. ती गाते तेव्हा त्या आवाजातली थकलेली माया काळजाला भिडते. म्हणून या प्रश्नाचा निकाल 'गोऱ्या नटीला ते जमणार नाही' एवढ्यावर लागत नाही. तिला ते जमले होते. अडचण पुढे आहे.

१९४६ साली एम.जी.एम. कंपनीने जेरोम कर्न यांच्या जीवनावर 'टिल द क्लाउड्स रोल बाय' हा बोलपट काढला. त्यात 'शो बोट'मधला थोडा भाग दाखवला आहे, आणि त्या तुकड्यात ज्युली झाली आहे लीना हॉर्न ही कृष्णवर्णीय गायिका. ती उभी राहते, गाते, आणि आपण म्हणतो, हीच ती! पुढे १९५१ साली त्याच कंपनीने संपूर्ण 'शो बोट' रंगीत चित्रपटात आणले, तेव्हा ज्युलीची भूमिका मिळाली ॲव्हा गार्डनरला. ती गोरी तर होतीच, शिवाय पडद्यावर तिच्या तोंडी जी गाणी आहेत ती दुसरीच्याच गळ्यातली आहेत. लीना हॉर्न पुढे सांगत असे, की आपल्या चेहऱ्यासाठी म्हणून खास तयार केलेला रंगच कंपनीने ॲव्हा गार्डनरच्या तोंडाला लावला. ज्या बाईला रंगाची गरज नव्हती तिला दाराबाहेर ठेवले आणि तिचा रंग तेवढा आत घेतला. ब्रॉडवेवर कृष्णवर्णीय नटीने ज्युली साकारली ती १९८३ साली. तिचे नाव लोनेट मकी. १९२७ पासून मोजा, छप्पन्न वर्षे होतात. रक्तावरून रंगमंचाबाहेर काढलेल्या बाईची कथा छप्पन्न वर्षे आसवे गाळीत सांगितली गेली, आणि ती सांगणाऱ्या रंगमंचाने तोच दंडक पाळला. ही विसंगती माझ्या मते त्या नाटकातल्या कोणत्याही प्रसंगापेक्षा अधिक करुण आहे.

याचे मूळ जुने आहे. १८३०च्या सुमारास टॉमस राइस नावाच्या गोऱ्या नटाने तोंडाला काळे फासून 'जिम क्रो' नावाच्या काळ्या माणसाचे सोंग आणले. लोक पोट धरधरून हसले, आणि त्यातून अशा खेळांची परंपराच सुरू झाली. जळक्या बुचाची काजळी, रंगवलेले जाड ओठ, वेडेवाकडे नाच, असा हा प्रकार. पुढे दक्षिणेकडच्या राज्यांनी काळ्यांना वेगळे डबे, वेगळ्या शाळा, वेगळे नळ नेमून देणारे कायदे केले, त्यांना लोकांनी नाव दिले तेही 'जिम क्रो'. नाटकातले सोंग नाटकातच राहते असे म्हणणाऱ्यांनी या नावाचा प्रवास ध्यानात ठेवावा.

मग बालगंधर्वांचे काय? हा प्रश्न टाळून चालणार नाही. दोन गोष्टी वेगळ्या करून पाहाव्यात असे मला वाटते. सोंग कोणत्या भावनेने घेतले ही पहिली, आणि ज्याचे सोंग घेतले त्याला त्याच मंचावर जागा होती की नाही ही दुसरी. बालगंधर्वांची भामिनी किंवा सिंधू स्त्रीची टवाळी करीत नव्हती, उलट तिला सजवीत होती. पहिल्या कसोटीला ते सोळा आणे उतरतात. दुसऱ्या कसोटीला मात्र आपली त्या काळची रंगभूमी उतरत नाही. स्त्रियांच्या स्वतंत्र नाटक मंडळ्या होत्या, तरी प्रतिष्ठित मंडळ्यांतून कुलीन स्त्रीने उभे राहणे निषिद्ध मानले जाई. १९३३ साली 'आंधळ्यांची शाळा' या नाटकात ज्योत्स्ना भोळे आणि पद्माबाई वर्तक रंगभूमीवर आल्या, तेव्हा ती एक घटनाच ठरली. बालगंधर्वांच्या गाण्यावर जीव टाकावा आणि त्याच वेळी, त्या काळात ज्यांचे गळे घरातच विरून गेले त्या बायांचीही आठवण ठेवावी. या दोन गोष्टी एका मनात मावतात.

'मिस सायगॉन' या संगीत नाटकाचा १९९० सालचा तंटा याच कसोट्यांनी पाहावा. व्हिएतनाम युद्धाच्या अखेरीची ती कथा. त्यातला 'इंजिनियर' हा युरोपी-आशियाई मिश्र रक्ताचा. लंडनमध्ये १९८९ साली हे काम जोनाथन प्राइस या गोऱ्या ब्रिटिश नटाने डोळ्यांचा आकार बदलून आणि त्वचेला रंग लावून केले. नाटक न्यूयॉर्कला न्यायचे ठरल्यावर अमेरिकेतल्या नटांच्या संघटनेने ऑगस्ट १९९० मध्ये त्याला परवानगी नाकारली. नाटककार डेव्हिड हेन्री ह्वांग आणि नट बी. डी. वाँग हे विरोधात पुढे होते. निर्माता कॅमेरॉन मॅकिंटॉश याने प्रयोगच रद्द करतो म्हटल्यावर संघटनेने काही दिवसांतच आपला निर्णय फिरवला. एप्रिल १९९१ मध्ये नाटक लागले आणि प्राइसला त्या वर्षीचे टोनी पारितोषिकही मिळाले. त्याच्या अभिनयगुणाबद्दल वाद नव्हताच. विरोधकांचे गाऱ्हाणे साधे होते : आशियाई नटाला कोणी गोऱ्या नायकाचे काम देत नाही, आणि आशियाई माणसाचे मोठे काम निघाले तर तेही गोऱ्यालाच जाणार असेल, तर त्याने करायचे काय? कलेचे स्वातंत्र्य एकाच बाजूने वापरले जात असेल, तर त्याला स्वातंत्र्य न म्हणता मक्तेदारी म्हणावे.

पण यावरून 'ज्याचे रक्त त्याचीच भूमिका' असा नियम करायला मी तयार नाही. तसा नियम केला तर जुआनिटा हॉलचे काय करणार? ही कृष्णवर्णीय नटी. 'साउथ पॅसिफिक'मध्ये १९४९ साली तिने एका आशियाई बाईचे काम केले आणि टोनी पारितोषिक मिळवले. तो मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय कलावंत. रक्त तपासत बसलो असतो तर हा मान तिला कुठून मिळता?

या नियमाचे हसेही झाले आहे. 'पोर्गी अँड बेस' हे जॉर्ज गर्श्विन यांचे संगीतनाट्य १९३५ सालचे. पोर्गीचे काम तोंडाला काळे फासून आपण करावे अशी अल जॉल्सन या प्रसिद्ध गोऱ्या गायकाची मनीषा होती, पण गर्श्विन यांनी कृष्णवर्णीय गायकच घेतले. त्यांच्यातला मुख्य गायक टॉड डंकन. १९३६ साली वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरमध्ये काळ्या प्रेक्षकांना प्रवेश नाही असे कळताच त्याने व सहकाऱ्यांनी गायला नकार दिला, आणि त्या मुक्कामापुरते तरी नाट्यगृहाला दार उघडावे लागले. पुढे गर्श्विन यांच्या वारसांनी कृष्णवर्णीय नटसंचाची अट कायम ठेवली. हंगेरीच्या सरकारी ऑपेराने २०१८ साली ती बाजूला सारून बहुतेक गोऱ्या गायकांनिशी प्रयोग केला. २०१९ साली तर गायकांना एका कागदावर सही करायला सांगितले, की आफ्रिकी-अमेरिकी मूळ हा आमच्या अस्मितेचा भाग आहे. अनेकांनी सह्याही केल्या! हे वाचले तेव्हा मला स्टीव्ह आठवला. त्यानेही खोटीच शपथ घेतली होती. पण ती बायकोच्या वाटेचे दुःख आपल्या पदरात घेण्यासाठी, आणि हे सही करणारे दुसऱ्याच्या वाटची भाकरी आपल्या ताटात घेण्यासाठी. शब्द तेच, पण त्यांमागच्या नियतीत जमीन-अस्मानाचे अंतर.

हा डाव उलटवण्याचा धीट प्रयत्न २०१५ साली 'हॅमिल्टन'ने केला. लिन-मॅन्युएल मिरांडा याच्या या नाटकात वॉशिंग्टन, जेफरसन हे अमेरिकेचे राष्ट्रपुरुष काळ्या आणि मिश्रवर्णीय नटांनी उभे केले, आणि इंग्लंडचा राजा तेवढा गोरा ठेवला. इथे रंगाकडे डोळेझाक केलेली नाही. रंग पाहावा, अशीच योजना आहे. या देशावर आमचाही हक्क आहे, हे न बोलता सांगितले जाते. मला हे फार आवडले. तरी एक काटा सलतो. वॉशिंग्टन आणि जेफरसन दोघेही गुलामांचे धनी होते. त्यांच्या वेषात काळा नट दिमाखात गातो, पण त्यांच्या शेतांवर राबलेल्या गुलामांपैकी एकालाही त्या नाटकात ठसठशीत भूमिका नाही. लायरा मोंटेरो या अभ्यासक बाईंनी २०१६ साली हाच आक्षेप घेतला, आणि तो मला बिनतोड वाटतो. नटांना दार उघडले, पण त्यांच्या पूर्वजांना नाही. नाटककार ऑगस्ट विल्सन यांनी १९९६ साली एका गाजलेल्या भाषणात हेच वेगळ्या रीतीने बजावले होते : गोऱ्यांच्या नाटकात काळ्या नटांना कामे मिळाली एवढ्याने भागत नाही, काळ्यांची स्वतःची नाटके आणि स्वतःची नाट्यगृहे हवीत.

म्हणून पात्रयोजनेचा न्याय एखाद्या कलमात बसवता येत नाही. प्रत्येक वेळी पाहावे लागते, की दार दोन्ही बाजूंनी उघडते की एकाच. दुबळ्याने बलवानाचे सोंग घेतले तर रंगभूमी मोठी होते. बलवानाने दुबळ्याचे घेतले तर त्याने आधी मागे वळून पाहावे, आपण कोणाच्या जागेवर उभे आहोत.

हे सारे सातासमुद्रापारचे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून स्नेहसंमेलनाचे वारे वाहू लागतात. शिक्षक म्हणून मी ही पात्रनिवड कितीतरी वर्षे जवळून पाहत आलो आहे. परीराणी गोरी लागते. सीता गोरी लागते. सावळ्या मुलीला पाठांतर चोख येत असते, आवाज खणखणीत असतो, पण तिच्या वाट्याला शूर्पणखा येते, नाहीतर मागे पंखा हलवणारी दासी. ती काही बोलत नाही. घरी जाऊन 'मला राक्षसीण केलंय' असे हसत सांगते, आणि आपणही हसतो. द्रौपदीचे एक नाव 'कृष्णा' आहे, ते तिच्या सावळ्या वर्णावरून, हे आपण वर्गात शिकवतो आणि संमेलनात विसरतो. यंदा आपल्या घरातल्या मुलीने कोणते काम मिळाले ते सांगितले, की तिला एवढेच विचारा : तुला कोणते हवे होते? आणि मग शाळेत येऊन आम्हा मास्तरांना विचारा, ते तिला का मिळाले नाही.