अश्लीलतेची कसोटी आणि मिलचा इशारा

जॉन स्टुअर्ट मिलने ‘ऑन लिबर्टी’त (१८५९) स्वातंत्र्यावरील बंधनाला एकच आधार मानला : इतरांना होणारी हानी. हिक्लिन खटल्याने (१८६८) मात्र दुर्बल मनाच्या वाचकावरील संभाव्य परिणाम प्रमाण धरला. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने रणजित उदेशी खटल्यात (१९६४) हीच कसोटी फेरफारांसह स्वीकारली. ‘रंभा’च्या १९६२च्या दिवाळी अंकातील ‘शामा’ कथेबद्दल चंद्रकांत काकोडकर १९६९मध्ये सर्वोच्च न्यायालयात निर्दोष ठरले. कथा तीच, निवाडे मात्र दोन. अवीक सरकार प्रकरणात (२०१४) हिक्लिनऐवजी समकालीन समाजाची अभिरुची हा निकष आला. पाऊल पुढचे खरे. परंतु मिलला भीती होती ती बहुमताच्या जुलमाचीच. बहुसंख्यांना न रुचणे म्हणजे हानी नव्हे, हा भेद या निकषातही निसटतो.